बॉल पायथनची जोडी लावण्याआधी नातं कसं मोजायचं

बॉल पायथन या परदेशी पाळीव अजगराची "जोडी" म्हणून जे विकलं जातं ते बऱ्याचदा एकाच क्लचमधले, एका मादीच्या एका वेळच्या अंड्यांतले, नर-मादी असतात, म्हणजे सख्खे भाऊबहीण. विकणाऱ्याला सोपं पडतं, घेणाऱ्याला स्वस्त पडतं, आणि तीनेक वर्षांनी दोघं मोठे झाले की घेणारा म्हणतो आता जोडी आहेच तर अंडी काढूया. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठूनही कोणी विचारायला आलं की पहिला प्रश्न बहुतेक हाच, "भाऊबहीण आहेत, चालतील काय?" तर बाबांनो, चालतील की नाही ते रंगावरून ठरत नाही, नात्यावरून ठरतं, आणि नातं मोजता येतं, त्याला शाळेतल्या अपूर्णांकांएवढंच गणित लागतं. ते कसं मोजायचं, मॉर्फ, म्हणजे हवा तो रंग-नक्षीचा प्रकार, हातचा न घालवता बाहेरचं रक्त कसं आणायचं आणि कुठला दोष इनब्रीडिंगचा, म्हणजे नात्यात लावल्याचा, नि कुठला नाही, हे सगळं इथे लिहितोय.

त्याआधी कायद्याचं, थोडक्यात पण मनापासून. आपल्या कुळागरातली धामण, विहिरीवरचा दिवड, नाग, घोणस, आपला रानातला अजगर, यांना हात लावायचा नाही, पाळायचं नाही, ब्रीडिंग तर लांबच राहिलं. हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. मी बोलतोय ते फक्त बाहेरदेशच्या, कागद असलेल्या सापांबद्दल. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, साईट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावीच लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ते काम परिवेश या सरकारी पोर्टलवर होतं, आणि नुसता साप ठेवलाय एवढंच नाही तर पिल्लं झाली, साप मेला, दुसऱ्याला दिला, हे सुद्धा कळवायचं असतं. म्हणजे ब्रीडिंग करायचं असेल तर आईबापाचे कागद आधी पाहिजेत, पिल्लांचे मग होतात. कागद नसलेला साप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्याची वंशावळ पण मिळत नाही, आणि वंशावळ नसली तर पुढचं सगळं लिखाण तुमच्या काही कामाचं नाही.

आता जेनेटिक्स. प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक बापाकडून एक आईकडून. अल्बिनो, पाईड, क्लाऊन हे मॉर्फ रिसेसिव्ह, म्हणजे दोन्ही कॉप्या अल्बिनोच्या असल्या तरच साप पांढरा-पिवळा दिसतो. एकच कॉपी असली तर साप दिसतो नॉर्मल पण आतून जीन घेऊन फिरतो, त्याला आपण हेट म्हणतो. हेट गुणिले हेट केलं की सरासरी चारात एक व्हिज्युअल, म्हणजे रंग दिसणारा, दोन हेट, एक साधा नॉर्मल, आणि शेवटचे तीन बाहेरून ओळखू येत नाहीत म्हणून त्या तिघांना "६६ टक्के पॉसिबल हेट" म्हणून विकतात, कारण तिघांतले दोन हेट असण्याची शक्यता. पेस्टल, मोहावे, लेसर यांचं वेगळं, त्यांची एक कॉपी असली तरी दिसते, दोन झाल्या की सुपर होतो.

हा फरक नीट लक्षात घ्या कारण इनब्रीडिंगचा मोह होतो तो मुख्यतः रिसेसिव्हमध्येच. पेस्टल नर कुठल्याही नात्याबाहेरच्या नॉर्मल मादीला लावला तरी अर्धी पिल्लं पेस्टल येतात, त्यामुळे तिथे भाऊबहीण लावायला काही कारणच नाही. अल्बिनोत मात्र बाहेरची नॉर्मल मादी घेतली की पहिल्या पिढीत एकही अल्बिनो नाही, सगळी हेट, आणि माणसाला तीन वर्षं थांबायचं नसतं, मग तो बापाला मुलगी लावतो किंवा भावाला बहीण. हॉबीत हे सुरुवातीपासून झालंय. कैदेत पहिला अल्बिनो बॉल पायथन १९९२ मध्ये अमेरिकेत निघाला, पाईड १९९७ मध्ये, आणि अशा एखाददुसऱ्या जनावरापासून अख्खी लाईन, म्हणजे एका मुळापासूनचा वंश, उभी करायची तर नात्यातच लावण्याशिवाय तेव्हा इलाज नव्हता. आज तो इलाज आहे. जगात अल्बिनो भरपूर झालेत. म्हणून तेव्हाच्या लोकांचं उदाहरण देऊन आज भाऊबहीण लावणं मला पटत नाही.

"सापांना इनब्रीडिंगनं काही होत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मी ते इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येकजण हेच सांगतो की मी केलं, पिल्लं एकदम मस्त आली. पिल्लं मस्त आली असतीलही. एका पिढीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. पण बॉल पायथनची मादी साधारण तीन वर्षांची आणि दीड किलोच्या आसपास झाल्याशिवाय लावत नाहीत, म्हणजे तीन पिढ्या बघायला नऊ-दहा वर्षं जातात, आणि तोपर्यंत त्या माणसाने साप विकून बाईक घेतलेली असते, तिसऱ्या पिढीत काय झालं ते बघायला तो असतोच कुठे.

ज्यांनी बघितलं त्यांचं ऐका. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्मिगेहुक म्हणून जागा आहे, तिथे ॲडर जातीच्या सापांची एक छोटी वस्ती शेतजमिनीमुळे बाकीच्यांपासून तुटली. आपसातच जुगत राहिल्याने मेलेली आणि व्यंग असलेली पिल्लं जन्माला यायला लागली, वस्ती संपत आली. १९९२ मध्ये संशोधकांनी दुसऱ्या वस्तीतले २० नर आणून तिथे सोडले, चार हंगाम ठेवले, आणि त्यानंतर जिवंत पिल्लांचं प्रमाण वाढलं नि वस्ती परत भरायला लागली. ना औषध दिलं ना खाणं बदललं, फक्त बाहेरचे नर आणले. रानातल्या सापाला जे लागू ते आपल्या रॅकमधल्या टबातल्या सापालाही लागू.

इनब्रीडिंग नवीन दोष तयार करत नाही, हे पण समजून घ्या. जवळपास प्रत्येक जनावरात काही वाईट रिसेसिव्ह जीन लपलेले असतात, एकच कॉपी असते म्हणून त्रास होत नाही. नात्यात लावलं की तीच कॉपी दोन बाजूंनी येऊन पिल्लात भेटते. समजा एका नराकडे एक असा लपलेला दोष आहे. त्याची मुलगी त्यालाच लावली तर मुलीकडे तो असण्याची शक्यता अर्धी, आणि मग प्रत्येक पिल्लात तो उघडा पडायची शक्यता पाव, म्हणजे एकूण आठात एक. तोच नर आजोबा असेल आणि त्याची दोन पोरं, सख्खे भाऊबहीण, एकमेकांना लावली तर सोळात एक. चुलत-मामे भावंडांसारखं नातं असेल तर चौसष्टात एक. हे एका दोषाचं, जनावरात असा दोष एकच असेल असं कोण सांगणार.

आता मोजायचं कसं ते. याला इनब्रीडिंग कोएफिशियंट म्हणतात, नुसतं एफ म्हणूया. अर्थ असा की पिल्लाच्या कुठल्याही एका जीनच्या दोन्ही कॉप्या एकाच पूर्वजाच्या एकाच कॉपीवरून आलेल्या असण्याची शक्यता किती. रीत सोपी आहे. होणाऱ्या पिल्लाचा बाप आणि आई कागदावर लिहा, दोघांच्या वरची वंशावळ काढा, दोघांत सामाईक असलेला पूर्वज शोधा. मग बापापासून त्या पूर्वजापर्यंत वर आणि तिथून आईपर्यंत खाली असा रस्ता धरा आणि त्या रस्त्यावर किती जनावरं आली ती मोजा, बाप, आई आणि पूर्वज धरून. जेवढी जनावरं तेवढ्या वेळा अर्धा गुणिले अर्धा करा. सामाईक पूर्वज एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाचं वेगळं काढून बेरीज.

उदाहरण घेऊन बघू. सोन्या नावाचा अल्बिनो नर आहे. त्याला चिंगी नावाची नॉर्मल मादी लावली, मुलगी झाली जाई. त्यालाच दुसरी मादी काळी लावली, मुलगा झाला राजा. जाई आणि राजा दोघंही हेट अल्बिनो, आता यांना लावायचंय. रस्ता: राजा, सोन्या, जाई. तीन जनावरं, अर्धा तीन वेळा म्हणजे एक अष्टमांश, साडेबारा टक्के. जाई आणि राजा सख्खे असते तर बाप आणि आई दोन्हीकडून एकेक अष्टमांश, एकूण २५ टक्के. जाई परत सोन्यालाच लावली तर रस्त्यावर दोनच जनावरं, अर्धा दोन वेळा, परत २५ टक्के. म्हणजे "भाऊबहीण नको रे, बापाला लाव" असा सल्ला जो देतात त्यात काहीच मिळत नाही, आकडा तोच आहे.

आता यात खरी गोम बघा. चिंगी आणि काळी तुम्ही एकाच माणसाकडून घेतल्या आणि त्या सख्ख्या बहिणी निघाल्या तर? मग राजा, काळी, तिचा बाप, चिंगी, जाई हा पाच जनावरांचा रस्ता, एक बत्तीसांश, आणि तिच्या आईकडूनही तेवढाच. दोन्ही मिळून सव्वासहा टक्के. आधीच्या साडेबारात मिळवा, पावणेएकोणीस टक्के झाले. तुम्ही समजत होता सावत्र भावंडं लावतोय, प्रत्यक्षात सख्ख्यांच्या जवळ पोचलात. आणि सोन्या स्वतःच भाऊबहिणीतून आलेला असेल तर त्याच्या रस्त्याचा आकडा सव्वापट होतो. म्हणूनच म्हणतो, विकणाऱ्याला आईबाप विचारायचे आणि आजी-आजोबा पण विचारायचे. वेगवेगळ्या शहरांतून मागवले म्हणजे नातं नाही असं धरून चालू नका, एकाच ब्रीडरचा क्लच दोन दुकानांत गेलेला असू शकतो.

आकडा कळला, पण किती चालतो? आपल्याकडे मोजपट्टी आधीच आहे. मामेबहिणीशी लग्न करायची चाल कोकण-गोव्यात, देशावर बऱ्याच घराण्यांत आहे, सगोत्र टाळतात पण मामाची मुलगी चालते, त्या नात्यातल्या मुलांचा एफ सव्वासहा टक्के येतो. सापांत मी सव्वासहापर्यंत आला तर पुढे जातो. साडेबारा आला तर फक्त तेव्हाच जेव्हा तसं करायला कारण आहे आणि पुढची पिढी नक्की बाहेर लावणार आहे. पंचवीस, नाही. एखादा अगदी नवीन रंगाचा साप निघाला आणि तो आनुवंशिक आहे की नाही हेच सिद्ध करायचं असेल तर एकदा, आणि त्यातली पिल्लं ब्रीडिंगला म्हणून विकायची नाहीत. हे माझे आकडे आहेत, कायद्यात कुठे लिहिलेले नाहीत, पण तुमचेही काहीतरी ठरलेले असू देत, जोडी लावायच्या आधी ठरलेले. भावाला परत बहीण, परत बहीण असं तीन पिढ्या केलं तर एफ पंचवीसवरून साडेसदतीस आणि मग पन्नासवर जातो, आणि "लाईन ब्रीडिंग" हे त्याचं गोड नाव आहे, आकडा तोच राहतो.

एक चांगली बातमी पण यातच आहे, आणि ती खूप जणांना माहीत नसते. साप स्वतः कितीही इनब्रेड असला, एफ पन्नास असला, तरी त्याला पूर्ण नात्याबाहेरचा जोडीदार दिला की पिल्लांचा एफ शून्य. एका पिढीत. म्हणजे तुमच्याकडे आधीच भाऊबहिणीतून आलेला चांगला खाणारा, तब्येतीचा साप असेल तर त्याला टाकाऊ समजायचं कारण नाही, फक्त जोडीदार शोधायचे कष्ट घ्या.

मग मॉर्फ न घालवता बाहेरचं रक्त आणायचं कसं? सगळ्यात चांगला रस्ता, पण खर्चाचा, तो असा की दोन वेगळ्या लाईनचे अल्बिनो घ्या ज्यांच्या वंशावळीत तीन पिढ्या तरी काही सामाईक नाही, आणि लावा. सगळी पिल्लं अल्बिनो, कागदावर एफ शून्य. दुसरा रस्ता गोव्यासारख्या छोट्या जागेत जास्त जमतो आणि मला तोच जास्त आवडतो. समजा तुम्ही डिचोलीला आहात, तुमच्याकडे अल्बिनो नर आहे, मडगावला एक मित्र आहे, त्याच्याकडे वेगळ्या लाईनचा अल्बिनो नर आहे. दोघांनी आपापल्या नराला नात्याबाहेरची धडधाकट नॉर्मल मादी लावायची, दोघांकडे १०० टक्के हेट पिल्लं होतात. मग तुमची एक हेट मादी त्याला, त्याची एक तुम्हाला, हस्तांतराचं परिवेशवर टाकून. ती मोठी झाली की तुमच्या अल्बिनो नराला लावा. तिचं नि त्याचं काही नातं नाही, पिल्लांत सरासरी अर्धे अल्बिनो, उरलेले सगळे १०० टक्के हेट, पॉसिबल बिसिबल काही नाही. पहिली तीन वर्षं अल्बिनो दिसणार नाही हे खरं, पण त्यानंतर तुमच्या हातात असा स्टॉक असतो की घेणारा डोळे झाकून घेईल.

हेट म्हणून घेतलेली मादी खरंच हेट आहे का, हा पुढचा प्रश्न. तिला व्हिज्युअल नर लावून बघा. ती हेट असेल तर प्रत्येक अंड्यातून व्हिज्युअल निघायची शक्यता अर्धी, म्हणून सहा अंडी आली आणि सहाही पिल्लं नॉर्मल निघाली तर ती हेट असूनही असं होण्याची शक्यता चौसष्टात एक, दीड टक्का, म्हणजे बहुतेक ती हेट नव्हतीच. पण तिला दुसरा हेट नर लावलात तर तेच सहाही नॉर्मल निघण्याची शक्यता जवळपास अठरा टक्के, त्यावरून काही ठरवता येत नाही. टेस्ट करायची तर व्हिज्युअलनेच करा, आणि तो व्हिज्युअल तिचा नातेवाईक नको.

आता एक गोंधळ, जो जाणकार म्हणवणारे पण घालतात. रंगासोबत येणारा दोष आणि इनब्रीडिंगचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पायडर मॉर्फ घ्या. डोकं डुलतं, मान पिळते, उंदीर पकडताना नेम चुकतो, याला वॉबल म्हणतात. २०२२ मध्ये सीटी स्कॅन करून दाखवलं की स्पायडरच्या आतल्या कानाची, तोल सांभाळणाऱ्या भागाची रचनाच बिघडलेली असते. हा दोष त्या रंगाच्या जीनमध्येच आहे. कुणाला कमी कुणाला जास्त, पण स्पायडरला तुम्ही आफ्रिकेतून आणलेली मादी लावा, शंभर पिढ्या बाहेर लावा, स्पायडर दिसला की वॉबल आलाच. आउटक्रॉस, म्हणजे बाहेरचं रक्त आणणं, इथे चालत नाही. तसंच सुपर सिनॅमनमध्ये बदकासारखं तोंड आणि पाठीला किंक म्हणजे कण्याला वाक, कॅरामेल अल्बिनोत किंक, डेझर्टच्या माद्यांना अंडी घालताना त्रास किंवा अंडीच नाहीत, लेसर गुणिले लेसर केलं तर काहींचे डोळे बाहेर आलेले. माझं मत स्पष्ट आहे, स्पायडर लावू नये. नक्षी सुंदर आहे, मला पण आवडते, पण ज्या सापाला वर-खाली कळत नाही तो मुद्दाम जन्माला घालणं मला जमत नाही.

कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव परदेशी सापात याच्या उलट उदाहरण आहे. स्टारगेझर म्हणून दोष आहे, पिल्लू मान वर करून मागे पडतं, सरळ चालता येत नाही. हा स्वतंत्र रिसेसिव्ह जीन आहे, सनकिस्ड मॉर्फच्या लाईनमधून पसरला, कारण ती लाईन वाढवताना तीच ती जनावरं परत परत वापरली गेली आणि हेट असलेले साप दिसायला ठणठणीत. म्हणजे इथे रंग दोषी नाही, नातं दोषी आहे, आणि स्वच्छ लाईनचा सनकिस्ड घेतला तर काही अडचण नाही. म्हणून दोष दिसला की आधी विचारा, हा मॉर्फचा की लाईनचा. मॉर्फचा असेल तर मॉर्फ सोडा, लाईनचा असेल तर लाईन बदला.

तिसरं कारण इनक्युबेटर, आणि आपल्या गोव्यात याचं खास लक्षात ठेवा. बॉल पायथन थंडीत लागतात, अंडी बहुतेक फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान येतात, साधारण चार ते आठ, आणि ३१ ते ३२ डिग्रीवर ५५ ते ६० दिवस ठेवायची. म्हणजे बरोबर एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि जूनच्या विजा-पावसात. इनक्युबेटर गरम करतो, थंड करत नाही! पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या खोलीत दुपारी पस्तीसवर गेलं की थर्मोस्टॅट बंद होऊनही आतलं तापमान वरच राहतं, आणि पिल्लं किंक घेऊन निघतात, अंड्यात मरतात. मग लोक म्हणतात लाईन खराब. इनक्युबेटर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत ठेवा, आतमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवा म्हणजे तापमान हळू बदलतं, लाईट गेली तरी तास-दोन तास धरून ठेवतं, इन्व्हर्टर असेल तर उत्तम, आणि कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवून रोज लिहून काढा. तो कागद असला तरच नंतर सांगता येतं की दोष कुठला. त्याच इनक्युबेटरमधल्या दुसऱ्या मादीच्या क्लचमध्ये पण किंक आले तर तापमानाचा संशय घ्या. तापमान नीट होतं, दुसरा क्लच स्वच्छ, आणि याच जोडीत दोन वर्षं लागोपाठ किंक, एका डोळ्याची किंवा डोळाच नसलेली पिल्लं, भरपूर स्लग म्हणजे न फळलेली अंडी, पूर्ण वाढलेली पण अंडं न फोडता मेलेली, किंवा दोन-तीनदा कात टाकली तरी खायला मागत नाहीत अशी पिल्लं, तर ती जोडी तिथेच तोडा. दोघांना वेगळे जोडीदार द्या, आणि त्यांच्या आधीच्या पिल्लांना एकमेकांना अजिबात लावू नका.

वही ठेवा. एक्सेल चालेल, वही जास्त टिकते. प्रत्येक सापाला नंबर, आईबापाचे नंबर, कुठून घेतला, पाठीच्या नक्षीचा फोटो, कारण बॉल पायथनची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि आयुष्यभर ओळख पटते. नर कधी सोडला, कधी जुगले, कधी काढला. एका हंगामात एका मादीला एकच नर, हे कटाक्षाने पाळा, कारण मादी वीर्य साठवून ठेवू शकते आणि एका क्लचमध्ये दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, मग तुमचं सगळं एफचं गणित पाण्यात. गेल्या वर्षीचा नर वेगळा असेल तर तेही लिहून ठेवा. अंडी किती, स्लग किती, मेली किती, पहिलं खाणं कोणत्या तारखेला, सगळं.

आणि नर नसताना अंडी आली तर ती लगेच फेकू नका, लगेच चमत्कार पण म्हणू नका. आपल्याकडे पावसात कुंडीच्या मातीत तो गांडुळासारखा बारीक वाळा सापडतो ना, त्या जातीत नरच नाहीत, सगळ्या माद्या, नराशिवायच पिल्लं होतात, आणि क्रोमोसोमचे दोनाऐवजी तीन संच असतात. बॉल पायथन तसा नाही पण कधीतरी त्याची एकटी मादी सुद्धा असं करते. अशी पिल्लं माद्याच निघतात आणि त्यांच्या बहुतेक जीनच्या दोन्ही कॉप्या सारख्याच असतात, म्हणजे इनब्रीडिंगची अगदी टोकाची अवस्था, त्यामुळे बरीच कमजोर असतात. जगली तर प्रेमाने पाळा, ब्रीडिंग करायचंच झालं तर फक्त नात्याबाहेरच्या नराशी. वहीत बापाच्या जागी संशयाने कुणाचं तरी नाव टाकू नका, मोकळं सोडा.

नवीन रक्ताच्या नावाखाली दुसऱ्या जातीचा पायथन मिसळू नका, बोआचे वेगवेगळ्या देशांतले प्रकार पण एकमेकांत लावू नका, बाहेरचं रक्त म्हणजे त्याच जातीतलं नात्याबाहेरचं जनावर, बस्स.

राहिली ती व्यंग असलेली किंवा न खपलेली पिल्लं. ती कुणीही कुळागरात, ओहोळाकाठी, नेत्रावळी-मोलेच्या रानात नेऊन सोडायची नाहीत. आपली हवा दमट, गरम, परदेशी साप जगू शकतो, आणि कैदेतले आजार आपल्या अजगराला देऊ शकतो. हलका किंक असलेलं, नीट खाणारं-हगणारं पिल्लू चांगलं आयुष्य जगतं, त्याला पाळणारं घर शोधा आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की हे ब्रीडिंगला नाही. ज्याला गिळताच येत नाही किंवा सतत उलटं पडतं त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, तिथे जो निर्णय घ्यायचा तो घ्या.

चांगली पिल्लं देताना परिवेशच्या कागदासोबत एक साधा कागद द्या, त्यावर पिल्लाचा नंबर, आईबाप, चारही आजी-आजोबा, क्लचमधली बाकीची भावंडं कोणाकडे, कोणत्या गावी गेली ते, आणि तुम्ही काढलेला एफ. घेणाऱ्याने तुमच्याकडे "अजून एक द्या, जोडी करायची" म्हटलं तर त्याच क्लचमधलं देऊ नका, दुसऱ्या लाईनचं नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याचा नंबर द्या, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.